दारापाशी टी ऑलिव्ह: कोणतं आणायचं, कुठे लावायचं?

अंगणवेल (कॅरी, नॉर्थ कॅरोलिना) · ९ ऑक्टोबर

मंडळी, आठ दिवस झाले, गाडी लावून दारापर्यंत यायला रोजच्यापेक्षा जास्त वेळ लागतोय. ड्राइव्हवेच्या कडेचं टी ऑलिव्ह फुललंय. शेजारच्या आजी कुत्र्याला फिरवायला निघतात आणि आमच्या कोपऱ्यावर थांबून इकडेतिकडे बघतात. वास येतोय, पण फूल कुठेच दिसत नाही. काल त्यांना झाडापाशी नेलं आणि पान उचलून दाखवलं.

फूल आहेच तेवढंसं. कळी तांदळाच्या कणीएवढी. उमललं की चार जाडसर, मेणचट पाकळ्या. पानांच्या बेचक्यात झुपक्याने बसतं, त्यामुळे लांबून झाड नुसतं हिरवंगार दिसतं. वास मात्र पिकलेल्या जर्दाळूचा, आणि जवळ गेलं की त्यात मोगऱ्याचा थंडावा. नाक खुपसून हुंगायची गरजच नाही. वीस-पंचवीस फुटांवरून वास आपणहून येतो.

शास्त्रीय नाव ऑस्मॅन्थस फ्रॅग्रन्स. ग्रीकमध्ये ऑस्मे म्हणजे वास, आन्थोस म्हणजे फूल. चीनमध्ये ह्या फुलांचा वास चहाला देतात म्हणून टी, आणि ऑलिव्हच्या कुळातलं म्हणून ऑलिव्ह. त्याच कुळात आपला मोगरा, जाई, जुई आणि पारिजातकही आहेत. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. माहेरच्या पारिजातकाला इथे पर्याय शोधत होते आणि सापडला तो त्याचाच भाऊबंद. हाही शरदातच भरात येतो, फूल असंच इवलंसं, आणि खाली सडा.

दर ऑक्टोबरात दिवाळीच्या कार्यक्रमाच्या तालमीला लोक घरी येतात आणि "हे कोणतं गं? आम्हालाही हवं" हे ठरलेलं असतं. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

आधी माझी चूक. पहिलं झाड मी २०१६ मध्ये लावलं ते मागच्या कुंपणाच्या कोपऱ्यात, कारण तिथे जागा मोकळी होती. झाडाने काही कमी केलं नाही. चौथ्या वर्षी भरभरून फुललं, पण वारा घराकडून कुंपणाकडे वाहतो आणि सगळा वास मागच्या झाडीत जातो. मी पदर खोचून कोपऱ्यापर्यंत गेले तरच तो मला मिळायचा. दुसरं २०१८ मध्ये ड्राइव्हवेच्या कडेला लावलं आणि तेव्हा कळलं की हे झाड बघण्यासाठी लावायचंच नाही. रोजची वाट जिथून जाते तिथे लावायचं. गाडीपासून दारापर्यंतची वाट, पत्रपेटीकडची वाट, स्वयंपाकघराची उघडी राहणारी खिडकी. ऑक्टोबरात संध्याकाळी तिथे उभं राहून वारा कुठून येतो ते पाहा आणि वाऱ्याच्या अंगाला झाड लावा. जागा आधी ठरवा, जात मग.

भिंतीपासून मात्र निदान सहा ते आठ फूट लांब. आणताना गुडघ्याएवढं असतं म्हणून लोक पोर्चला चिकटवून लावतात, पण इकडच्या बागांत ते सहज दहा-पंधरा फूट उंच होतं आणि पसाराही आठ-दहा फुटांचा. सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली असेल तर उत्तम. दाट सावलीत जगतं, पण फुलं कमी देतं.

आता जात. चिनी माळी ह्यांचे चार गट करतात: पिवळा, पांढरा, केशरी आणि बारमाही. तुम्हाला काय हवंय ते ह्यावरूनच ठरवा. 'ऑरँटिआकस' हा केशरी फुलांचा. त्याचा खरा बहर ऑक्टोबरात एकदाच, दोनेक आठवडे, पण तेव्हा अख्खी गल्ली भरून जाते. लहान रोपाला फुलायला काही वर्षं लागतात, धीर हवा. 'फुडिंगझू' बारमाही गटातलं. नावाचा अर्थ बुद्धाच्या माथ्यावरचा मोती. बुटकं राहतं, लहानपणीच फुलायला लागतं आणि सप्टेंबरपासून वसंतापर्यंत थांबत थांबत फुलत राहतं. एकच झाड लावायला जागा असेल तर मी डोळे मिटून फुडिंगझू सांगेन. ड्राइव्हवेच्या कडेला तेच आहे.

शक्य असेल तर रोप फुलावर असतानाच विकत घ्या. वास घेऊन निवडलेल्या झाडाबद्दल पुढे कधी हळहळ वाटत नाही.

---

गोदाकाठ (अटलांटा) · ९ ऑक्टोबर

ताई, धागा अगदी वेळेवर काढलात. थंडीबद्दल माझा अनुभव जोडतो, कारण तो वाचून एखादं झाड वाचेल.

२०२२ च्या नाताळात, २४ डिसेंबरला, इथे पारा ८ फॅरनहाइटपर्यंत उतरला, म्हणजे उणे १३ सेल्सियस. थंडी अशी एकाएकी आली की झाडांना सरावायला वेळच मिळाला नाही. आमची दोन टी ऑलिव्ह, एक दहा फुटी आणि एक कमरेएवढं. आठवड्याभरात पानं चहाच्या चोथ्यासारखी झाली, हात लावला की चुरा. आमच्या रस्त्यावरची तीन झाडं जानेवारीतच मुळापासून तोडली गेली. बायको म्हणाली, थांब, वसंत येऊ दे.

मी नखाने साल खरवडून बघत होतो. वरच्या फांद्यांना आत तपकिरी, पण खोडाला छातीच्या उंचीपर्यंत आत हिरवं. मेच्या पहिल्या आठवड्यात जुन्या, जाड खोडावर थेट लालसर कोंब फुटले, पालवी नाहीच, नुसते ठिपके. मग वरचा मेलेला भाग कापला. २०२४ च्या शरदात झाड पुन्हा फुललं. लहान झाडाची साल मात्र उभी फाटली होती. ते जमिनीपर्यंत गेलं आणि बुंध्यातून नव्याने आलं, अजून फूल नाही.

थंडीने भाजलेलं टी ऑलिव्ह मेपर्यंत तोडू नका. कात्री लपवून ठेवा.

---

ओसरी (नॅशव्हिल) · १० ऑक्टोबर

बाप रे. दादा, त्याच थंडीत आमच्याकडे उणे १ फॅरनहाइट झालं होतं. म्हणजे मी ह्या झाडाचा नादच सोडायचा का? सासूबाई वर्षातून सहा महिने इथे असतात, त्यांच्या खोलीच्या खिडकीबाहेर काहीतरी वासाचं हवंय. मोगरा कुंडीत आहे, पण तो हिवाळ्यात आत न्यावा लागतो.

---

अंगणवेल · १० ऑक्टोबर

ओसरी, नाद सोडू नकोस, जात बदल. तुझ्याकडे ऑस्मॅन्थस फॉर्च्युनी लाव. हा फ्रॅग्रन्स आणि काटेरी पानांचा हेटेरोफिलस ह्यांचा संकर. थंडीत फ्रॅग्रन्सपेक्षा चांगला टिकतो, शरदात फुलतो आणि वासात फारसा उणा नाही. 'सॅन होजे' मिळालं तर घे. 'फ्रूटलँडाय' हे नावही दिसेल. ते जॉर्जियातल्या ऑगस्टाच्या फ्रूटलँड नर्सरीवरून पडलंय. त्या नर्सरीच्या जागेवर आज मास्टर्स स्पर्धेचं गोल्फ मैदान आहे, आणि तिथल्या पहिल्याच होलचं नाव टी ऑलिव्ह. आमच्या घरी गोल्फ बघणाऱ्यांना हे सांगितल्यापासून बागेला पाणी घालायला मदत मिळते.

त्याहून थंडी सोसणारा म्हणजे निव्वळ हेटेरोफिलस, उदाहरणार्थ 'गल्फटाइड'. पानं काटेरी, म्हणून खिडकीखाली ठीक पण मुलं खेळतात तिथे नको.

आणखी एक. मी इथे शरदात लावते, कारण माती उबदार असते आणि हिवाळाभर मुळं पसरतात. तू मात्र एप्रिलमध्ये लाव. पहिल्याच हिवाळ्याला सामोरं जाताना त्याची मुळं धरलेली हवीत. वायव्येचं वारं अडेल अशी भिंतीच्या आडोशाची जागा दे.

आणि आमच्या शेजारच्या रॅली शहरात कधी आलीस तर जे. सी. रॉल्स्टन अर्बोरेटम ह्या वृक्षउद्यानात चल. प्रवेश फुकट आहे आणि ऑस्मॅन्थसच्या कितीतरी जाती एकाच बागेत हुंगायला मिळतात. ऑक्टोबरातच ये.

---

सातवामजला (निशी-कासाई, टोकियो) · ११ ऑक्टोबर

इथे ह्याला किनमोकुसेई म्हणतात, केशरी फुलांचं. सप्टेंबर अखेरीस एका सकाळी स्टेशनकडे चालताना अचानक वास येतो आणि कळतं, उकाडा संपला. ऑफिसात त्या दिवशी पहिला विषय तोच असतो. शाळांच्या, देवळांच्या, सोसायट्यांच्या कुंपणाला गोल कापलेली झाडं असतात, एरवी कोणी ढुंकून बघत नाही.

दोन दिवस पाऊस पडला की संपलं. खाली केशरी रांगोळी. जपानातली ही झाडं जवळजवळ सगळी नर आहेत, काडीपासून वाढवलेली, त्यामुळे फळ दिसतच नाही. माझ्या सहकाऱ्याच्या आईला मात्र हा वास आवडत नाही. पूर्वी इथे स्वच्छतागृहात ह्याच वासाचे सुगंधक ठेवत, त्या पिढीला तेच आठवतं.

अंगणवेल, तुमचं जागेबद्दलचं म्हणणं पटलं. आम्हाला अंगण नाही, पण मी स्टेशनची वाट बदलली आहे. चार मिनिटं लांब पडते, पण वाटेत सहा झाडं आहेत.

---

रानमोगरा (पुणे) · ११ ऑक्टोबर

वाचूनच वास आला. पुण्यात लागेल का हे? बाल्कनी पूर्वेची आहे. नर्सरीत विचारलं तर मला कामिनी दाखवली.

---

देवदार (डेहराडून) · ११ ऑक्टोबर

ह्या झाडाला परदेशी समजू नका. नोकरीच्या निमित्ताने मी अकरा वर्षं अल्मोड्याकडे काढली. कुमाऊँत ह्याला सिलंग म्हणतात. हिमालयाच्या उतारांवर हे मूळचंच आहे. आमच्या घराच्या वर एक जुना सिलंग होता, चांगला वृक्ष, झुडूप नव्हे. तो फुलला की खालच्या वळणावर, जिथून झाड दिसायचंही नाही, तिथे वास पोचायचा. घरमालकीण सुकलेली फुलं लोकरीच्या कपड्यांच्या ट्रंकेत टाकायच्या, कसर लागू नये म्हणून. त्यांनी निघताना दिलेल्या शालीला पुढचा हिवाळाभर तो वास होता.

---

अंगणवेल · १२ ऑक्टोबर

देवदार काका, शालीचं वाचून गलबलून आलं. आमच्याकडे रेशमी साड्यांत सुकी फुलं ठेवायचं आता मी सुरू करणार.

रानमोगरा, माझ्या धाकट्या बहिणीकडे कोथरूडला तीन वर्षं कुंडीत आहे, पूर्वेच्याच बाल्कनीत. जगलंय, पानं तजेलदार आहेत, डिसेंबर-जानेवारीत थोडी फुलं येतात. पण खरं सांगायचं तर इकडच्यासारखा बहर नाही. ह्या झाडाला उन्हाळ्यानंतर रात्री गार झाल्याचा इशारा लागतो, त्यानंतरच कळ्या धरतात. पुण्यात तो इशारा उशिरा आणि थोडे दिवस मिळतो. बारमाही गटातलं रोप घ्या, अठरा इंची कुंडी, निचऱ्याची माती, एप्रिल-मेत दुपारचं ऊन लागू देऊ नका. आणि सोबतीला पारिजातक किंवा अनंत लावाच. आपल्या हवेत त्यांच्याइतकं दुसरं कोणी देत नाही. कामिनी वेगळी, ती लिंबाच्या कुळातली. वास सुंदर असतो तिचाही.

---

खिडकीतलीबाग (लंडन) · १२ ऑक्टोबर

इकडच्यांसाठी: फ्रॅग्रन्स आमच्याकडे भिंतीच्या उबेला कसंबसं जगतं, पण उन्हाळा पुरेसा तापत नाही म्हणून फुलायला कुरकुरतं. त्याऐवजी ऑस्मॅन्थसच्याच बर्कवूडी किंवा डेलाव्हायी ह्या जाती घ्या. दोन्ही एप्रिलमध्ये पांढऱ्या फुलांनी भरतात आणि थंडी सोसतात. डेलाव्हायीची पानं बारीक, कुंपणाला छान. गुढीपाडव्याच्या आसपास फुलतं, त्यामुळे मी गुढीच्या ताटात त्याचीच डहाळी ठेवते.

---

हिरवाचुडा (मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलिना) · १४ ऑक्टोबर

अंगणवेल ताई, मदत हवी. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या दुकानातून "टी ऑलिव्ह" अशी चिठ्ठी असलेलं रोप आणलं. चिठ्ठीवर जातीचं नाव नाही. अजून एकही फूल नाही आणि पानं काटेरी आहेत, नाताळच्या सजावटीतल्या हॉलीसारखी. शेजारी म्हणतो हॉलीच आहे. दुकानात गेले तर त्यांना काहीच सांगता आलं नाही. तीन वर्षं रोज पाणी घातलंय हो मी.

---

अंगणवेल · १४ ऑक्टोबर

अगं, आत्ता बाहेर जा आणि एक डहाळी हातात घे. पानं फांदीवर जोडीजोडीने, समोरासमोर आहेत का? समोरासमोर असतील तर ऑस्मॅन्थस. एक इकडे, पुढचं वर तिकडे, अशी एकाआड एक असतील तर हॉली. ही खूण चुकत नाही.

---

हिरवाचुडा · १४ ऑक्टोबर

समोरासमोर! टॉर्च घेऊन बघितलं.

---

अंगणवेल · १४ ऑक्टोबर

मग तुझं झाड हेटेरोफिलस किंवा फॉर्च्युनी आहे. पानं तीन-साडेतीन इंची आणि काटे बारीक, पुष्कळ असतील तर फॉर्च्युनी. आखूड पान आणि मोजके, मोठे काटे असतील तर हेटेरोफिलस. दोन्ही वासाची आहेत, फुकट काही गेलं नाही. पण रोज पाणी थांबव. तीन वर्षांच्या झाडाला आपल्या लाल चिकणमातीत रोज पाणी म्हणजे मुळांना श्वास नाही. बोटभर माती कोरडी झाली की मगच, आणि मग भरपूर. ऊन किती मिळतं तेही सांग.

---

गोदाकाठ · १५ ऑक्टोबर

चिकणमातीचा विषय निघाला म्हणून. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद, पण खोल तेवढाच, उलट मुळांचा गड्डा जमिनीच्या इंच-दीड इंच वर राहू द्या. खोल खड्ड्यात खत भरून लावलं की तो चिकणमातीत हौद होतो, पाणी साचतं आणि झाड खचतं. माझं एक असंच गेलं. निघालेल्या मातीत पाइनच्या सालीचा बारीक भुगा मिसळतो, वरून दोन-तीन इंच पालापाचोळा, पण खोडाला टेकू देत नाही. कुंडीतून काढल्यावर मुळं गोल गोल गुंडाळलेली असतील तर सुरीने तीन-चार उभे चिरे द्या. जिवावर येतं, पण द्यावेच लागतात.

हरणांचं म्हणाल तर माझ्याकडे होस्टा आणि गुलाब फस्त झालेत, टी ऑलिव्हला तोंड लावलेलं नाही.

---

ओसरी · १६ ऑक्टोबर

फॉर्च्युनी एप्रिलसाठी नक्की केलं. सासूबाईंनी विचारलंय, ह्या फुलांचा चहा घरी होतो का?

---

अंगणवेल · १६ ऑक्टोबर

होतो, पण आधी सावधगिरी. नर्सरीतल्या रोपांवर कीडनाशक मारलेलं असू शकतं, काही औषधं झाडात मुरतात. मी पहिली दोन वर्षं फुलं खाण्यात वापरली नाहीत, आणि आता झाडावर काही फवारत नाही.

चीनमध्ये झाडाखाली चादर अंथरून फांद्या हलवतात आणि पडलेली फुलं गोळा करतात. हांगझौ शहराचं तर हे १९८३ पासून मानाचं फूल आहे. ग्वेलिनच्या नावातच ह्या झाडांचं वन आहे. मी जुनं पांढरं धोतर अंथरते. देठं आणि किडे निवडायचे, फुलं सावलीत पेपरवर दोन दिवस पसरायची. कोरड्या चहाच्या पत्तीत थरावर थर घालून घट्ट बरणीत ठेवायची, दोन दिवसांनी चाळून फुलं काढायची. वास पत्तीत उतरलेला असतो. दुसरा प्रकार म्हणजे ताजी फुलं मधात. मध आधीच पातळ आणि सौम्य वासाचा घ्यायचा, नाहीतर फुलाचं काही उरत नाही.

पण मला सगळ्यात आवडतं ते कोजागरीला. चिनी गोष्टींत चंद्रावर ह्याच झाडाचा वृक्ष आहे आणि वू गांग नावाचा माणूस तो कायम तोडत असतो, प्रत्येक घाव लगेच भरून येतो. ती गोष्ट मला शेजारच्या चिनी मैत्रिणीने सांगितली, आणि त्याच वर्षी मी आटवलेल्या दुधात केशराबरोबर चमचाभर फुलं घातली. दूध उकळत असताना घालायची नाहीत, गॅस बंद करून, झाकण ठेवून दहा मिनिटं. वेलदोडा त्या दिवशी वगळायचा, तो ह्याला दाबून टाकतो. डेकवर पातेलं ठेवलं, चंद्र वर आला आणि झाकण काढलं तेव्हा सगळे गप्प झाले. माझ्या मुलाने विचारलं, आई, हे आंब्याचं आहे का? त्याला जर्दाळू माहीत नव्हता.

---

हिरवाचुडा · २ नोव्हेंबर

धागा वर काढतेय. पाणी कमी केलं, आणि ऊन यावं म्हणून पश्चिमेची एक मोठी फांदी कापली, शेजाऱ्याच्या मेपलची, त्याला विचारून. आज पानाच्या बेचक्यात पांढरे ठिपके दिसले. भिंग लावून पाहिलं, चार पाकळ्या. नाक लावावं लागलं, पण वास आहे!

---

अंगणवेल · २ नोव्हेंबर

फोटो टाक. आत्ता.

---

ओसरी · १८ एप्रिल

लावलं. सॅन होजे, तीन गॅलनच्या कुंडीतलं. सासूबाईंनी स्वतः आळं केलं आणि त्यांच्या पलंगावरून दिसेल अशी काठी खोचून जागा ठरवली. आता छाटणी कधी करायची?

---

अंगणवेल · १९ एप्रिल

पहिली दोन-तीन वर्षं अजिबात नको, हात आवर. पुढे करायचीच झाली तर हिवाळा संपताना, नवी पालवी फुटायच्या आत. जुलैनंतर कात्री लावायची नाही, तुम्ही शरदाची फुलंच कापून टाकाल. आणि चौकोनी कुंपणासारखं तर कधीच कापू नका.

---

गोदाकाठ · १२ जून

अंगणवेल ताई, तुमच्या फुडिंगझूच्या काड्या ह्या वर्षी देणार का? भाचा जुलैत रॅलीहून येतोय.

---

अंगणवेल · १२ जून

देते की. जूनअखेरीस यंदाची फूट अर्धवट पिकते, वाकवली की लवते पण मोडत नाही, तेव्हाच घ्यायची. पाच इंची काड्या, खालची पानं काढून, बुडाला मुळं फुटायची पावडर, परलाइट (हलके पांढरे खडे) आणि पीट (कुजलेल्या शेवाळ्याचा भुगा) निम्मं निम्मं, वर प्लास्टिकची पिशवी, सावलीत. दोन ते तीन महिने लागतात आणि दहातल्या पाच-सहा लागतात, म्हणून तुमच्यासाठी बारा काढेन. भाच्याला सांगा, सकाळी नऊच्या आत यावं, ऊन चढल्यावर काड्या सुकतात. सोबत ओला केलेला वर्तमानपत्राचा कागद, झिपची पिशवी आणि बर्फाचा छोटा डबा असू दे. कागद पिळून घ्यावा, टपकता नको. आणि गाडीच्या डिकीत ठेवू नये म्हणावं, मागच्या सीटखाली ठेवावं.